निकेशच्या हातचे सात निळे

जोहे, ता. पेण
बुधवार, दुपार

ती. कृष्णादाजींच्या पायांवर जनूचे डोके.

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुमचे पत्र येऊन आज आठ दिवस झाले. ते मिळाले नसेल असे तुम्हाला वाटू नये म्हणून सांगतो, की मिळाले, त्याच दिवशी वाचले, आणि तेव्हापासून रोज एकदा वाचतो आहे. रविवारपासून उत्तर लिहायला तीनदा बसलो. पण ‘इकडे सर्व ठीक’ एवढे लिहिल्यावर हात पुढे जाईना, कारण सर्व ठीक नाही, आणि खोटे लिहायचे तर तुमच्यासारख्या लॅबमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाला कशाला लिहायचे. फोन करता आला असता हे खरे. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि सौ. आवडीला शेजारच्या खोलीतून सगळे ऐकू येते. म्हणून पत्र.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा आणि उतरताना आधी दुखरा, असे इथल्या डॉक्टरने मला सांगितले आहे. (मला गुडघ्याचे काही नाही, पण विचारून ठेवले.) आमच्या बहिणीची, हौसाबायची साखर तपासली का? ती आली तेव्हा तिने दोनदा लाडू खाल्ला, हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. माझे पोट बरे आहे, झोप बरी नाही, डाव्या कानात कधी कधी पंप चालू असल्यासारखे वाटते. सूनबाई अनिता म्हणते तो माशांच्या टाकीचा पंपच असतो. तो बंद करून बघायची माझी हिंमत नाही, कारण मासे दिपिकाचे आहेत.

आता मूळ गोष्टीवर येतो. तुम्हाला यातले अर्धे ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून लिहितो, म्हणजे माझे कुठे चुकले त्या ओळीवर तुम्हाला बोट ठेवता येईल.

दिपिका, म्हणजे आमच्या विशालची मुलगी, पेणच्या कॉलेजात सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एक काम करून वही भरून द्यायची आहे. त्या वहीवर तिचे मार्क आहेत. तिने पाणी घेतले. दर रविवारी ओटीवरच्या माशांच्या टाकीतले पाणी आणि गावच्या तळ्यातले पाणी तपासायचे आणि दोन्हींत सिलिकेट किती ते लिहायचे. सिलिकेट म्हणजे काय हे मी तिला दोनदा विचारले. वाळू, माती, काच या सगळ्यांत ते असते आणि थोडे थोडे पाण्यात उतरते. ते वाढले की टाकीच्या काचेवर तपकिरी साय धरते. साय म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांचा थर, आणि ते जीव आपले घर सिलिकेटचे बांधतात, असे ती म्हणाली. मी त्यावर एवढेच विचारले, की आपले अख्खे गाव शाडूच्या मातीत हात घालून बसलेले, इथे ते किती निघेल याची काही मर्यादा आहे का. ती म्हणाली, आजोबा, तेच तर बघायचंय.

मग जूनमध्ये तिला कॉलेजने दीड महिन्याच्या ट्रेनिंगला मुंबईला पाठवले. वही मध्येच तुटणार. अनिता म्हणाली, तुझ्या बापाला सांगून जा. दिपिकाने मान हलवली. म्हणाली, “पप्पा विसरतील. आजोबा करतील. आजोबा नीट करतात.” दाजी, मी सातवी नापास माणूस. मिठागरात चाळीस वर्षे पाणी बघितले. पाण्यात मीठ किती चढले हे बोट बुडवून जिभेला लावून सांगायचो, आणि मालक ते मानायचा. मिठागर बंद पडल्यापासून मला या घरात कोणी काम सांगितलेले नाही. सांगतात ते ‘बसा’ एवढेच. तेव्हा ते वाक्य ऐकून मी आत जाऊन चष्मा पुसला.

काम तसे सोपे आहे आणि म्हणूनच भीती वाटते. प्लास्टिकच्या नळीत पाच मिली पाणी. काचेच्या भांड्यात घ्यायचे नाही, काचेतूनच सिलिकेट उतरते. पहिल्या बाटलीचे सहा थेंब, हलवायचे, पाच मिनिटे थांबायचे. दुसऱ्या बाटलीचे सहा, परत पाच मिनिटे. मग मिठाच्या खड्याएवढी पूड, आणि दहा मिनिटे वाट. पाणी निळे होत जाते. ते खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरायचे आणि कार्डावरच्या सात चौकोनांशी ताडायचे. पहिला चौकोन पांढरा, शून्याचा. मग निळा चढत जातो, शेवटचा गडद, तीनचा. ज्याच्याशी जुळेल तो आकडा वहीत. तळ्याचे पाणी इतके निळे होते की कार्डात मावत नाही, म्हणून त्याचा एक वाटा आणि गॅरेजमधून आणलेले, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी नऊ वाटे घेऊन शेवटी दहाने गुणायचे. पहिल्या रविवारी सवयीने मी बोट बुडवून जिभेकडे नेले, तेव्हा अनिताने मनगट धरले. आवडी दारात उभी राहून म्हणाली, “देवाला फूल टाकताना कदी मोजलं नाय, आन माशांना थेंब मोजतंय माणूस.” मी लक्ष दिले नाही. मी थेंब मोजत होतो. तो पाचवा होता का सहावा ते तिच्यामुळे चुकले, म्हणून सगळे ओतून परत केले.

पहिले तीन रविवार उत्तम गेले. टाकी दोन, तळे बारा. तिन्ही वेळा तेच. मी फोनवर आकडे सांगायचो, दिपिका तिकडे लिहून घ्यायची आणि ‘थँक्यू आजोबा’ म्हणायची. मी इकडे वहीत शाईने लिहायचो.

तिसऱ्या रविवारी सगळे झाल्यावर बाटलीचे बूच लावताना दुसऱ्या बाटलीचा एक थेंब कार्डावर पडला. मी अंगठ्याने पुसला. पुसला नसता तर एक चौकोन गेला असता. पुसल्यामुळे सगळे एकमेकांत मिसळले आणि खाडीच्या भरतीसारखा एकच पट्टा झाला. एका टोकाजवळचा ‘दोन’चा चौकोन तेवढा वाचला. दिपिकाला सांगावे असे वाटले. पण ‘आजोबा नीट करतात’ हे वाक्य आड आले. आणि दाजी, ज्या गावात रंगवणाऱ्यांची कमी नाही, त्या गावात सात चौकोनी निळ्यासाठी मुलीला कशाला काळजीत घालायचे, असेही वाटले.

निकेशला तुम्ही ओळखता. माझ्या चुलत भावाचा मुलगा, गणपतीच्या कारखान्यात फक्त डोळ्यांची आखणी करतो. मूर्ती कोणीही रंगवो, डोळे निकेशकडे येतात. त्याच्याकडे गेलो तेव्हा चारशे गणपती आंधळे उभे होते आणि तो एकाचे डावे बुबुळ उघडत होता. ते संपेपर्यंत थांबलो. मग कार्ड दाखवले.

“काका, ह्यो निळा हाय का चिखल?”

मी म्हटले, होता निळा. सात होते.

“सात कुठले? शेल्याचा, मोराचा का शंकराच्या गळ्याचा? तीन तर माज्याकडं तयार हायेत.”

मी आठवतील तसे सांगितले. पहिला काहीच नाही, दुसरा सकाळी साडेसहाच्या आभाळासारखा, असे करत सातव्यापर्यंत. वाचलेला ‘दोन’ त्याने लांबून बघितला आणि ‘समजलं’ म्हणाला. तासाभरात त्याने पुठ्ठ्यावर सात चौकोन उठवले. बाजूने सोनेरी काठ, आकडे काळ्या लाखेने, वरून चकाकी. छापील कार्ड त्याच्यापुढे रेशनकार्डासारखे दिसत होते. मला वाटले, काम आधीपेक्षा चांगले झाले. माझ्या आयुष्यात ज्या ज्या वेळी मला असे वाटले, त्या त्या वेळी पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे.

चौथ्या रविवारी टाकी ०.४ आणि तळे दोन. मी परत केले. तेच. पाचव्या रविवारीही तेच. दाजी, मला खरेच आनंद झाला. मला वाटले, आपण बघतो आहोत म्हणून पाणी सुधारते आहे. (मिठागरातही मुकादम बांधावर उभा राहिला की मीठ चांगले धरते असे आम्ही म्हणायचो.) दिपिकाला सांगितले तर तिने ते आधी लिहून घेतले. मग म्हणाली, “आजोबा, खरंच दोन? तळं बाराचं दोन?” मी म्हटले, खरंच, शाईने लिहिले आहे. तिने विचारले, टाकीच्या काचेवर साय आहे का. होती, चांगली जाड होती. झाले. तिच्या मॅडमने सांगितले की त्या जिवांनीच पाण्यातले सिलिकेट खाऊन टाकले, हे पुस्तकात असते, पण आपल्या भागातल्या तळ्यावर असे कोणी बघून लिहिलेले त्यांच्या वाचनात नाही. आता दिपिकाची सगळी वही त्या एका गोष्टीवर उभी राहते आहे. येत्या रविवारी मॅडम तिला घेऊन इथे येणार, तळे बघणार, आणि माझ्या हातून एकदा तपासणी करवून घेणार. अनिताने त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि जिताड्याचे कालवण ठरवले आहे. (जिताडे तळ्यातले नाही, बाजारातले. तळ्यातले मासे मी त्या दिवशी ताटात घेऊ देणार नाही.)

मधल्या काळात हौसाबाय पाट घेऊन आली होती, तुमचा गणपती सांगायला. तिने ते कार्ड खिडकीत बघितले आणि हातात धरून बसली. म्हणाली, “जनू, ह्ये मला दे रे. आमच्या माशांना ह्यांनी ते फिक्कट कागद लावलंय, बघवत नाय.” तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसून बघायला म्हणून दिपिकाने दिलेली ती छोटी टाकी आणि तिच्याबरोबरची तपासणीची तशीच पेटी, तशाच बाटल्या, तसेच कार्ड तुमच्याकडे आहे. मी निकेशकडून दुसरे करून दिले. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिले आहे, की ‘नवे कार्ड भिंतीवर खिळ्याला लावले आहे, बघायला येणारे विचारतात, आमचे सिलिकेट आता ०.४ असून पाणी बदलण्याचा त्रास वाचला.’ हेच वाक्य मी रोज वाचतो आहे.

आता काय झाले ते. सहाव्या रविवारी मी कार्ड घ्यायला गेलो तर खिडकीत नाही. निकेश घेऊन गेला होता. वडखळचे हैबतराव शेठ त्यांच्या मंडळाच्या गणपतीचा शेला ठरवायला आले होते आणि त्यांना निळ्याचे नमुने पाहिजे होते. त्यांना ‘तीन’ आवडला. आता कारखान्यात त्या रंगाला सिलिकेट तीन म्हणतात. कान्हू नावाचा रंग कालवणारा आहे, तो ओरडून विचारतो, “सिलिकेट तीन संपला, परत भिजवू का?” ते ऐकून मला आधी बरे वाटले होते.

तर कार्ड नव्हते आणि नळीतले पाणी निळे होऊन वाट बघत होते. म्हणून मी चष्म्याच्या डबीतून ते बिघडलेले जुने कार्ड काढले (मी काही टाकत नाही) आणि वाचलेल्या ‘दोन’च्या चौकोनाला नळी लावली. जुळले. तंतोतंत जुळले, दाजी. नळी तशीच हातात धरून रस्ता ओलांडून कारखान्यात गेलो आणि निकेशच्या कार्डाला लावली. ०.४. परत जुन्याला. दोन. टाकी दोनचीच होती. पहिल्या रविवारी होती तशीच. पाणी कुठे गेले नव्हते, सुधारले नव्हते, कोणी काही खाल्ले नव्हते.

निकेशला विचारले, तू रंग मी सांगितला तसाच मारला होतास ना. तो म्हणाला, “तसाच कसा मारीन? येक हात गडद मारला. रंग सुकल्यावर उतरतो, परत गाडीत उन्हातून मुंबईपर्यंत जातो. आपल्याकडं कोण हाय तेवढाच रंग मारतो का?” हे मला माहीत असायला पाहिजे होते. जन्म इथे गेला. इथे शेंडीपासून उंदरापर्यंत सगळे एक हात गडद असते, आणि तसे नसते तर गिऱ्हाईक परत आले असते. त्याचे काही चुकले नाही. तो निळा त्याने गणपतीचा मारला. मी तो पाण्याचा समजलो, आणि गडद चौकोनांपुढे तेच पाणी खालच्या आकड्याला जुळत गेले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारले, “काय मोठं बिघडलं काय काका?” मी म्हटले, नाही, छान झाले आहे कार्ड. हे मी का म्हटले, कळत नाही. त्याच्या हातात कुंचला होता आणि समोर उघडा डोळा होता.

त्या दिवशी दिपिकाला फोनवर ०.४ आणि दोनच सांगितले. निकेशला म्हटले ते सोडले, तर हे माझ्या हातून घडलेले चौथे खोटे, आणि पहिले जाणूनबुजून. आधीची तीन (दोन रविवार आणि तुमचे कार्ड) नकळत होती म्हणून ती मोजावीत का नाही, हेही तुम्ही ठरवा.

तर दाजी, तुम्ही शिकलेल्या माणसांत वावरलेले आहात. लॅबमध्ये असे काही झाले तर काय करतात, एवढे मला कळवा. आपला चंदर, शेजारचा, तुमच्याकडे धाटावला कंपनीत शिफ्टला येतो. जिते स्टेशनावरून गाडी धरतो. त्याच्या हाती हे पत्र देतो आहे आणि उद्या त्याच्याच हाती उत्तराची वाट बघतो. आवडीचा, विशालचा, अनिताचा नमस्कार. हौसाबायला जपा.

तुमचा
जनू

ता. क. वर जे विचारले ते खरे तर मला विचारायचे नव्हते. खरी विनंती अशी होती, की तुम्ही दिपिकाला फोन करून लॅबवाल्याच्या अधिकाराने सांगावे, की पावसाळ्यात या पुडीला दमट हवा लागते आणि मग आकडे कमी येतात, यात आजोबांचा दोष नाही. ती तुमचे ऐकेल. गावात तुम्हाला सगळे लॅबवाले कृष्णाजी म्हणतात. पण तुम्ही तिथे तीस वर्षे बाटल्या धुतल्या, हे मला माहीत आहे, आणि तुम्ही ते कधी लपवलेले नाही, कोणी विचारले तर सांगता. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी खोटे बोलाल असे मला वाटत नाही. ही विनंती खोडायची होती, पण शाईने लिहिलेले मी खोडत नाही.

ता. क. २ भिंतीवरचे कार्ड काढा, निदान त्याच्यावर विसंबू नका. तुमचे ०.४ म्हणजे दोन आहे. पाणी बदलायला लागा, एकदम नको, आठवड्याला चौथा हिस्सा. हौसाबायला कारण सांगू नका, ती निकेशला बोलेल आणि तुमच्या गणपतीचे डोळे अजून व्हायचे आहेत. शेला झाला आहे. तिने सिलिकेट १.२ निवडला. फार सुंदर दिसतो, त्याला हात लावायची गरज नाही.

ता. क. ३ हे लिहून पाकीट चिकटवले होते, परत उघडले. आता सांगतो ते आवडीलाही माहीत नव्हते, काल तिला कळले. मी दर रविवारचे उरलेले पाणी ठेवले आहे. टाकीचे वेगळे, तळ्याचे वेगळे, औषधाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, तारखा घालून, माळ्यावर अंधारात. मिठागरात आम्ही प्रत्येक वाफ्याचे पाणी ठेवायचो, तीच सवय. बारा बाटल्या होत्या, अकरा आहेत. चौथ्या रविवारचे तळे आवडीने नाशिकहून आणलेले तीर्थ समजून तुळशीला घातले आणि उरलेले स्वतः घेतले. ती बरी आहे. पाणी भरण्याआधी बाटल्या मी तीनदा धुतल्या होत्या, तिसऱ्यांदा बॅटरीच्या पाण्याने. पण तीन वेळा पुरते का, ते सांगणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे.

तेव्हा चुकलेले रविवार परत मोजता येतील. त्याला लागते फक्त छापील कार्ड. तुमच्या पेटीत होते ते. तुमच्या पत्रात नवे भिंतीवर लावले एवढेच आहे. जुन्याचे काय केलेत ते लिहिलेले नाही, आणि मी रविवारपासून तेवढेच शोधतो आहे. टाकले नसेल तर चंदरच्या हाती द्या. एखाद्या वहीच्या आत ठेवायला त्याला सांगा, खिशात नको. दिपिकाला मी रविवारी मॅडमच्या आधी, ती फाटकातून आत येतानाच सगळे सांगणार आहे, कार्ड असो नसो. ठरले आहे. पण कार्ड असले तर एका हातात ते आणि दुसऱ्या हातात बाटल्या असतील, आणि मला ‘चुकलो’च्या पुढे आणखी एक वाक्य बोलता येईल. नसेल तर एवढेच लिहा, की टाकले. पण काहीतरी कळवा, आणि उद्याच कळवा. चंदरची गाडी सुटायच्या आत.